गारवा कुणाच्या वाट्याला?

यंदा होळी झाल्यापासून बचत गटांच्या बैठकीला गेले, की हप्त्यांचा हिशेब संपल्यावर मी बायकांना एक प्रश्न विचारते. तुमच्या घरात दुपारी दोन वाजता सगळ्यात गार जागा कुठली असते, आणि तिथं कोण असतं?

आधी सगळ्या हसतात. मग एखादी म्हणते, "सोप्याला गार असतंय की. मामा झोपत्यात तितं." दुसरी म्हणते, "देवळात लई गार. पर तितं गड्यांचा पत्त्यांचा डाव असतोय, आमी कशाला जातोय?" सगळ्यात उबाऱ्याची जागा कुठली, हे मात्र विचारावंच लागत नाही. हात आपोआप मागच्या बाजूला, पत्र्याच्या स्वयंपाकघराकडे जातो.

घरातला उन्हाळा हा बायकांचा प्रश्न म्हणून आपल्याकडे कुणी मांडत नाही. दर मार्चला वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'उन्हाळ्यात घर थंड ठेवण्याचे उपाय' छापून येतात. वाळ्याचे पडदे भिजवा, गच्चीवर पाणी मारा, माठ भरून ठेवा, कूलरमध्ये वेळेवर पाणी घाला. यातला प्रत्येक उपाय कुणीतरी करायचा असतो. कोणी, ते तिथं लिहिलेलं नसतं, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. घरातला गारवा भाकरीसारखाच आहे. तो बाईच्या कष्टातून तयार होतो आणि वाटणीत तिच्याच ताटात सगळ्यात कमी पडतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते घराच्या एकेका कोपऱ्यात जाऊन बघायला हवं.

कोल्हापूर जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाचा, गडहिंग्लजचा उन्हाळा विदर्भासारखा नाही. पश्चिमेला आजरा-आंबोलीचे डोंगर आहेत. एप्रिलअखेर वळीव पडला की दोन दिवस हवा पालटते. पारा चाळिशी क्वचितच गाठतो. म्हणून इथं कुणी उकाड्याची तक्रार केली, की "चंद्रपूरला जाऊन बघा" असं ऐकवलं जातं. हवामान खात्याचा नियमही तसाच. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंशांवर गेलं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढलं, की उष्णतेची लाट. ३८ अंशांची लाट नसते. हवेचा अंदाज सांगायला हा नियम ठीक असेल. पण ते तापमान मोजतात कुठं? मोकळ्या मैदानात, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेटीत. पेटीला चारी बाजूंनी झडपा, वर दुहेरी छप्पर. तापमापकाला थेट ऊन लागू नये, वारा खेळता राहावा, छपराचा उबारा खाली उतरू नये, एवढी त्याची काळजी! माझ्या बघण्यातल्या एकाही पत्र्याच्या स्वयंपाकघराची एवढी काळजी कुणी घेतलेली नाही. त्या पेटीत ३७ अंश असताना पत्र्याखाली, पेटत्या शेगडीसमोर किती असतात, याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही.

आमच्या भागातलं जुनं घर आठवा. पुढं सोपा, मग माजघर, बाजूला गोठा, मागं स्वयंपाकघर नि न्हाणी, त्यामागं परडं. भिंती दगडमातीच्या नाहीतर भेंड्याच्या, हात-दीड हात रुंद. वर कौलं. एवढ्या जाड भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोचेतो संध्याकाळ होते आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असते. वर चढलेली गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाते. माळ्यावर रचलेली लाकडं, शेणी, मडकी छपराचा ताप अडवून धरतात. हे घर गार असायचं यात शंका नाही. त्याचं कौतुक करणारे लेख मी पुष्कळ वाचलेत. ते बहुतेक पुरुषांनी लिहिलेले असतात, आणि त्यातही सुट्टीत मामाच्या गावाला गेलेल्यांनी!

त्या सारवलेल्या जमिनीचा गारवा आपोआप येत नव्हता. ओलावा उडून जाताना जमिनीतली उष्णता घेऊन जातो हे खरं, पण तो ओलावा कुणीतरी वाकून, हातानं तिथं फिरवलेला असायचा. आठवड्याला सारवण, रोज पोतेरं नि सडा, सणाआधी भिंती लिपायच्या. त्यासाठी पांढरी माती डोक्यावरून आणायची, शेण गोळा करायचं, आणि या सगळ्याला लागणारं पाणी विहिरीवरून किंवा नदीवरून. गार घर म्हणजे बाईच्या कमरेवर, मनगटांवर आणि बोटांवर उभं असलेलं घर. शिवाय त्या गार घरातलं स्वयंपाकघर अंधारं आणि धुरानं भरलेलंच होतं. एका म्हाताऱ्या बाईनं मला सांगितलं, "फरशी आली तवा मी देवाला नारळ फोडला. पावसाळ्यात शेणानं बोटं कुजायची माझी." जुन्या घरांच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांनी हा नारळ लक्षात ठेवावा. मी त्या बाईच्या बाजूची आहे.

मग नवं घर आलं. उसाचे पैसे आले, पोरगं मुंबईला किंवा पुण्याला लागलं, कुणाला घरकुल मिळालं. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला, दर्शनी भिंतीला ऑइलपेंट लागला, वर दिवंगतांच्या नावाची पाटी आली. आणि पैसे संपले. जिथं पैसे संपतात तिथून स्वयंपाकघर सुरू होतं. चार खांब, आठ इंची विटांची किंवा नुसती पत्र्याची भिंत आणि वर पत्रा. 'तात्पुरतं' म्हणून केलेलं हे स्वयंपाकघर पंधरा-पंधरा वर्षं तात्पुरतंच राहतं. मुलीचं लग्न होतं, मोटारसायकल येते, सोप्यात मोठा टीव्ही येतो. पत्रा तिथंच.

पत्र्याचं वागणं साधं आहे. तो पातळ असतो, उन्हाबरोबर तापतो आणि तापलेली सगळी उष्णता खाली फेकतो. उभं राहिलं की डोक्यावर, बसलं की पाठीवर. जुन्या स्वयंपाकघराला निदान धुराडं तरी असायचं. नव्या पत्र्याच्या खोलीत भिंत आणि पत्रा यांच्यातली फट उंदीर-पाऊस येतो म्हणून सिमेंटनं बुजवलेली असते. म्हणजे गरम हवा वर चढते आणि तिथंच कोंडते. त्यात भाताच्या कुकरची वाफ. घाम सुकला तर अंगाला गार वाटतं, पण वाफेनं भरलेल्या हवेत घाम सुकत नाही, नुसता वाहतो. वास्तुशास्त्रवाले स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं म्हणून घराच्या भिंती पाडायला लावतात. छप्पर कशाचं हवं, हे त्यांच्यातल्या एकानंही कधी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

आणि पंखा? स्वयंपाकघरात पंख्याला हूकच ठेवलेला नसतो. असलाच तर स्वयंपाक करताना तो बंद. गॅसची ज्योत फडफडते, आच भांड्याला लागत नाही, गॅस वाया जातो. चुलीला तर वाऱ्यानं राख घरभर. २०१६ च्या १ मेला उज्ज्वला योजना सुरू झाली, बऱ्याच घरांत शेगडी आली, ती चांगलीच गोष्ट झाली. धूर कमी झाला. पण सिलिंडर पुरवून वापरायचं म्हणून अंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून पुष्कळ घरांत चुलीवरच. भाकरीचं काम वेगळंच आहे. आमटी गॅसवर ठेवून बाई दोन मिनिटं बाहेर येऊ शकते. भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची, विस्तवावर फुगवायची, तोवर दुसरी थापायची. बारा भाकऱ्या म्हणजे तासभर तोंड विस्तवाकडे.

त्यात आपल्याकडे ताटात भाकरी गरमच पडायला हवी. सकाळी सहाला केलेली भाकरी दुपारी खाणं हे बाईच्या वाट्याचं. पुरुष दुपारी रानातून आला की त्याला तव्यावरची. मग पोरं येतात, मग थोरल्या दिराचं जेवण. तीन पंगतींना तीन वेळा चूल पेटते. उन्हाळ्यात दोन्ही वेळच्या भाकऱ्या सकाळीच टाकल्या, दुपारी नाचण्याची आंबील, ताकभात, कांदा असं जेवलं तर विस्तव निम्मा होतो. आंबील गार असते, पोटाला बरी असते, आणि आपल्याच शिवाराची आहे. हे सगळ्या बायकांना माहीत आहे. माहिती नाही म्हणून काही अडलेलं नाही. "आंबील वाढली तर म्हणत्यात, आज काय सैपाकाला सुट्टी घेतलीस व्हय?" अडलंय ते इथं.

केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर वेळवापराची पाहणी केली. दिवसाच्या चोवीस तासांत बिनमोलाचं घरकाम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के निघाल्या, पुरुष २६.१ टक्के. हे काम करणाऱ्या बाईचा सरासरी वेळ २९९ मिनिटं, पुरुषाचा ९७. आपल्याला हे आकडे नवे नाहीत, आपण ते शिबिरांतून सांगत आलोय. पण ती २९९ मिनिटं किती अंशांत जातात, हे त्या पाहणीनं विचारलं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात तेरावं कलम होतं. कामाच्या जागी हवा खेळती असावी, कामगाराला त्रास होणार नाही असं तापमान राखावं, आणि भिंती व छप्पर अशा सामानाचं नि अशा बांधणीचं असावं की उष्णता शक्य तितकी कमी राहील, असं त्यात लिहून ठेवलं होतं. छप्पर! स्वातंत्र्यानंतर एका वर्षात गिरणीतल्या कामगाराच्या डोक्यावरच्या छपराचा विचार झाला. घरातल्या कामाच्या जागेला असं कलम कुणी लावलं नाही, कारण ती कामाची जागा आहे हेच कबूल नाही.

घरात बसून मजुरी करणाऱ्या बाईचं आणखी वेगळं. गडहिंग्लजची बाजारपेठ संकेश्वरी मिरचीसाठी नावाजलेली आहे. मिरचीचे देठ खुडायला बसलेल्या बाईला पंखा लावता येत नाही. बिया, भुकटी उडते, डोळ्यांत जाते, पोरं ठसकतात. सीमेपलीकडे निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांचंही तेच, पंख्यानं तंबाखू उडते आणि पान सुकतं. मजुरी नगावर किंवा वजनावर. उकडतंय म्हणून हात थांबला तर पैसा थांबला.

आणि याच दिवसांत वर्षाची कामं निघतात. चटणी, पापड, सांडगे, कुरडया, शेवया. वाळवणाला ऊन कडक लागतं, म्हणजे ते घालायला आणि राखायला बसणाऱ्या बाईलाही तेच ऊन. गच्चीवर सकाळी कुरडया घालायच्या, दुपारी उलटायच्या, कावळे-चिमण्या हाकायच्या, मध्येच आभाळ आलं तर धावत गोळा करायच्या. मिरच्या, खोबरं, तीळ पत्र्याखाली भाजायचे. आता पुष्कळजणी विकतची चटणी आणतात नि त्याबद्दल टोमणे खातात. मला तर विकतच्या कुरडईत काही वाईट दिसत नाही. दुसऱ्या गावच्या बचत गटानं केलेली असली तर उत्तमच. फक्त तिथं ती घाम गाळणाऱ्या बाईला दाम मिळतो का, एवढं बघावं.

रात्रीची कथा निराळी. पत्रा सूर्य बुडाला की लवकर निवतो. स्लॅबचं उलटं. तो दिवसभर गिळतो ते रात्रभर ओकत बसतो. चार-पाच इंचांचं काँक्रीट, त्यावर सावली नाही, चुन्याचा हात नाही. रात्री दहा-अकराला घरात जो कोंडमारा होतो तो दुपारच्या उन्हाचा. छताचा पंखा तीच गरम हवा खाली ढकलत राहतो. मग घरातले पुरुष उशी-चादर उचलतात आणि कट्ट्यावर, गच्चीवर, देवळाच्या ओट्यावर जातात. तासाभरात घोरायला लागतात. सून कुठं जाणार? वयात आलेली मुलगी कुठं जाणार? "आमी कुठलं बाहेर झोपतोय ओ आक्का. गल्ली काय म्हनंल?" खिडकी उघडी ठेवावी तर रस्ता लागून आहे. म्हणून खिडकी बंद, दार बंद, आणि कूस बदलत रात्र काढायची. पहाटे चारला जरा गार वाटू लागतं, डोळा लागतो आणि पाचला पाणी येतं.

शरीराचंही असंच. उकडलं की पुरुष सदरा काढतो, बनियनवर नाहीतर उघडाच बसतो, त्याला कुणी निर्लज्ज म्हणत नाही. बाईच्या अंगावर परकर, ब्लाऊज, पाच वार साडी, कुठं कुठं वर डोक्यावरून पदर. कमरेला परकराच्या नाडीखाली आणि काखेत घामोळं उठतं, ते सांगायचीही चोरी. गाऊन आला तेव्हा बायकांनी तो का उचलून धरला, याचा आपल्या विचारवंतांनी कधी विचार केला नाही. बाईच्या अंगाला वारा लागू देणारा तो पहिला स्वस्त कपडा होता. लगेच त्यावरही पहारा बसला. सासऱ्यासमोर गाऊनवर टॉवेल घ्यायचा, दारात जाताना ओढणी. २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात गाऊन घालून रस्त्यावर येणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड ठरवला गेला, आणि तो ठरवणारं महिला मंडळच होतं. २०१८ साली आंध्र प्रदेशातल्या तोकलपल्लीत दिवसा गाऊन घातला तर २००० रुपये. उघड्या अंगानं पारावर बसणाऱ्याला दंड केल्याचं मी अजून वाचलेलं नाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एप्रिल-मेमध्ये बाळंत होणाऱ्या मुलींची. त्यांना माहेरच्या सगळ्यात कोंदट खोलीत ठेवतात. वारं लागू नये म्हणून खिडक्या बंद, डोक्याला फडकं, कानात कापूस, बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपेची धुरी. पाणीही मोजून. यामागं आईची, आजीची माया असते, हे मी नाकारत नाही. आषाढात गळक्या, ओल्या घरात त्या शेगडीला अर्थही होता. पण स्लॅबच्या खोलीत मे महिन्यात ती शेगडी कशाला? नुकत्या जन्मलेल्या बाळाला आपल्या अंगाची उष्णता नीट सांभाळता येत नाही. ते तापतं, सुकतं, ताप आला म्हणून दवाखान्यात न्यावं लागतं. अंगावर पाजणाऱ्या आईला तर नेहमीपेक्षा जास्त पाणी लागतं. गरोदरपणात फार उष्णता सोसावी लागली तर दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा आणि बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो, हे आता अनेक देशांतल्या अभ्यासांतून पुढं आलंय. आशाताईंनी हे घरोघरी सांगावं असं आपण म्हणतो, पण आजीला बाजूला सारून सांगितलं तर कुणी ऐकणार नाही. आजीशीच बोलायला हवं. माझा अनुभव असा, की "तुमच्या टायमाला घर कसलं होतं?" इथून सुरुवात केली की आजी स्वतःच म्हणते, "तवा गार होतं बाई, आता कुठलं!" आणि शेगडी उचलली जाते. निदान दुपारपुरती तरी.

माघारी आलेली, नवऱ्यानं टाकलेली, विधवा, देवाला सोडलेली बाई घरात कुठं राहते? पडवीत. भावानं मोठ्या मनानं काढून दिलेल्या एका खणात, जिथं भिंतीला टेकवून पत्रा टाकलेला असतो. तिचं झोपणं, चूल, पेटी आणि शिलाई मशीन त्याच आठ-दहा फुटांत. दिवसा चुलीची धग नि पत्र्याची धग एकाच वेळी, आणि बाहेर पडायला वेगळं दारही नसतं कधी कधी. सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकरांच्या पुढाकारानं स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला परित्यक्तांसाठी स्वतंत्र रेशनकार्ड आणि घराला जागा मागितली होती. ती मागणी जुनी झालेली नाही. ज्या घरावर आपलं नाव नाही, त्या घराच्या पत्र्यावर चुना मारा असं तरी ती कुणाला सांगणार? भाऊ म्हणेल, उकडत असेल तर बघ दुसरीकडं.

हे सगळं मी आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत मांडलं, तेव्हा एका मैत्रिणीनं रोखठोक हरकत घेतली. म्हणाली, बाईला स्वयंपाकघरातून बाहेर काढायचं म्हणून आपण आयुष्य घालवलं, आणि आता तू स्वयंपाकघर गार करायला निघालीस? ते सुखाचं झालं तर ती तिथंच बसेल. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. पण गिरणीत हवा, पाणी, आठ तास मागितल्यानं कामगार गिरणीला जास्त जखडला गेला नाही, उलट संघटित झाला. शिवाय उकाडा सोसून कुणी मुक्त होत नाही, थकतं. थकलेली बाई संध्याकाळच्या बैठकीला येत नाही, हे आपण दर मे महिन्यात बघतो आणि वर 'उपस्थिती कमी' असं अहवालात लिहितो. दोन्ही मागण्या बरोबरच लावून धरायच्या. घरातल्या पुरुषानं आठवडाभर मे महिन्यात त्या पत्र्याखाली भाकऱ्या थापाव्यात. मला खात्री आहे, दुसऱ्याच आठवड्यात छपराला काहीतरी होईल!

होण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते फार खर्चाचं नाही. अहमदाबादमध्ये २०१० च्या मे महिन्यातल्या उष्णतेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसं दगावली, त्यानंतर २०१३ साली तिथल्या महापालिकेनं उष्णतेचा आराखडा केला. तिथं वस्त्यांमध्ये महिला हाउसिंग ट्रस्टच्या बायकांनी घरांच्या छपरांना पांढरा रंग द्यायचं काम पुढं नेलं. पांढरं छप्पर ऊन परतवतं, आतला पारा काही अंशांनी उतरतो. आपल्याकडे स्लॅबला कळीच्या चुन्याचे दोन हात देता येतात. आपला पाऊस जोराचा, चुना धुऊन जाणार, म्हणून दर शिमग्याला पुन्हा द्यावा लागेल. पत्र्याला पांढरा रंग. पत्र्याच्या खाली वीतभर जागा सोडून दुसरं छत, पण चुलीच्या वर गोणपाट किंवा प्लॅस्टिक लावू नका, पेट घेईल. समोरासमोरच्या भिंतींत वरच्या अंगाला दोन-दोन विटांची जाळी, म्हणजे कोंडलेली हवा निघून जाईल. उसाचा पाला पत्र्यावर टाकला तर फरक पडतो. आपल्या शिवारात तो फडातच पेटवून देतात. पण त्यात उंदीर-साप येतात, वळवाच्या वाऱ्यानं तो उडतो, ठिणगी पडली तर धोका, म्हणून चूल पेटणाऱ्या खोलीवर नकोच. आणि एक अट. चुना मारायला, पाला चढवायला शिडीवर पुरुषांनी चढावं. नाहीतर गारव्याचं हेही काम पुन्हा आपल्याच गळ्यात.

घरकुलाकडेही बघायला हवं. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरलंय आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर किंवा एकट्या बाईच्या नावावर करण्याचीही तरतूद आहे. कागदावर इतकं असूनही प्रत्यक्षात स्वयंपाकाची जागा बाहेर पत्र्याखाली जाते, कारण मिळालेल्या रकमेत पक्कं घर जेमतेम उभं राहतं. हप्त्यासाठी टप्प्याटप्प्याला घराचे फोटो काढतात. पायाचा काढतात, छताचा काढतात. त्यात एक फोटो स्वयंपाकाच्या जागेच्या छपराचा असावा. तो नसला म्हणून कुणाचा हप्ता अडवू नये, उलट त्या छपरासाठी वेगळी रक्कम मिळावी, असा ठराव गावागावांतून जायला हवा.

१ मेला ग्रामसभा असते, आणि तिच्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. ऐन उन्हाळ्यात. घरकुलाच्या ठरावाबरोबर आम्ही आमच्या भागातल्या काही गावांत आणखी एक मागणी ठेवतोय. मे महिन्यात शाळेच्या खोल्या कुलपात असतात. जाड भिंतींच्या, व्हरांडा असलेल्या, समोर झाड असलेल्या. दुपारी बारा ते चार त्यातली एक खोली बायकांसाठी उघडी ठेवावी. गरोदर बाई, बाळंतीण, म्हातारी, मिरची खुडून पाठ धरलेली, जिला दोन तास पाठ टेकायची आहे ती कुणीही. तिथं पंखा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह, एवढंच. एका गावात या मागणीला कुणीच विरोध केला नाही, फक्त किल्ली कुणाकडं राहणार यावर अर्धा तास वाद झाला. बायकांच्या हाती किल्ली दिली तर शाळेच्या सामानाची जबाबदारी कुणाची, असं विचारलं गेलं. रोज दुपारी देवळात कोण झोपतं आणि तिथल्या समईची जबाबदारी कुणाची, असं एका वैनीनं मागून विचारलं, तेव्हा विषय पुढच्या सभेवर गेला. पुढची सभा १ मेची. तुमच्या गावात, वस्तीत काय ठरतं, ते कळवा. आम्ही पुढच्या अंकात ते ठराव छापू, नामंजूर झालेलेसुद्धा.